पडण्याची किंमत : 'प्रिन्स ऑफ पर्शिया'चा नवा अवतार कसा जोखायचा?

जून २०२३ मध्ये 'समर गेम फेस्ट'मध्ये युबिसॉफ्ट या व्हिडिओ गेम कंपनीनं 'प्रिन्स ऑफ पर्शिया: द लॉस्ट क्राउन'चा पहिला ट्रेलर दाखवला आणि जुने चाहते भडकले. नायक राजपुत्र नाही, त्याची केसांची ठेवण आजच्या पोरांसारखी, मागे रॅप वाजतंय, आणि कळस म्हणजे गेम बाजूनं दिसणारा, डावीकडून उजवीकडे पळायचा. या मालिकेतला मोठा गेम येऊन तेरा वर्षं झाली होती, त्यामुळे अनेकांना ही आपली थट्टाच वाटली. जानेवारी २०२४ मध्ये गेम बाजारात आला आणि समीक्षकांनी त्याला डोक्यावर घेतलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कळलं, की तो बनवणारी टीम पांगली आणि माणसं कंपनीच्या इतर कामांना जुंपली गेली.

म्हणजे दीड वर्षात तीन निकाल लागले: आधी चाहत्यांचा, मग समीक्षकांचा, शेवटी बाजाराचा. तिघांचं एकमेकांशी जमत नाही. चाहत्यांनी चेहरा पाहिला, समीक्षकांनी खेळून पाहिलं, कंपनीनं विक्रीचा तक्ता पाहिला. यातलं 'रीबूट कसा झाला' या प्रश्नाचं उत्तर कोणतं?

माझ्या मते यासाठी बाहेरून मोजपट्टी आणायची गरज नाही, मालिकेनं ती स्वतःच देऊन ठेवली आहे. 'प्रिन्स ऑफ पर्शिया'मध्ये पस्तीस वर्षं एकच प्रश्न वेगवेगळ्या तऱ्हेनं विचारला गेला आहे: उडी चुकली, तर काय गमवावं लागेल? राजपुत्र, खंजीर, वाळू, राजवाडे ही सगळी आरास. पडण्याची किंमत हा गाभा. नवा गेम या प्रश्नाचं नवं उत्तर देतो का, आणि ते उत्तर पटतं का, एवढंच पाहायचं.

त्याआधी तीन शब्द वेगळे करून ठेवू, कारण ते सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. रीमास्टर म्हणजे जुनाच गेम, फक्त चित्रं आणि आवाज घासूनपुसून लख्ख केलेले. रीमेक म्हणजे गोष्ट आणि आराखडा जुना, पण बांधकाम पायापासून नवं. २००३ च्या 'द सँड्स ऑफ टाइम'चा रीमेक सप्टेंबर २०२० मध्ये जाहीर झाला होता. तो सुरुवातीला युबिसॉफ्टच्या पुणे आणि मुंबईच्या स्टुडिओंकडे होता आणि २०२२ मध्ये माँट्रियलकडे गेला. रीबूटमध्ये मात्र जुनं फारसं काही बंधनकारक नसतं. नाव ठेवायचं, आधीच्या कथांचा हिशेब बंद करायचा आणि या मालिकेत टिकवण्यासारखं नेमकं काय आहे ते पुन्हा ठरवायचं. त्यामुळे रीबूट हा एका अर्थानं मूळ गेमवरचा अभिप्राय असतो. बनवणाऱ्यांना त्यात काय दिसलं, ते त्यातून कळतं.

भावाचं शरीर, साठ मिनिटं

मूळ गेम १९८९ चा. ॲपल टू या संगणकासाठी जॉर्डन मेक्नर या तरुणानं तो जवळपास एकहाती लिहिला आणि ब्रोडरबंड या कंपनीनं प्रकाशित केला. मेक्नरचं 'कराटेका' १९८४ मध्येच गाजलं होतं. नव्या गेमसाठी त्यानं १९८५ मध्ये आपल्या धाकट्या भावाला, डेव्हिडला, पांढरे कपडे घालून धावायला, उड्या मारायला आणि कड्याला लोंबकळून वर चढायला लावलं आणि त्याचं व्हिडिओ चित्रण केलं. मग त्या चित्रणातली एकेक चौकट समोर ठेवून त्यावरून राजपुत्राची आकृती गिरवली. तलवारबाजीसाठी त्यानं १९३८ च्या 'द ॲडव्हेंचर्स ऑफ रॉबिन हूड' या चित्रपटातलं एरोल फ्लिन आणि बेसिल रॅथबोन यांचं द्वंद्व वापरलं. याला रोटोस्कोपिंग म्हणतात. तंत्र जुनंच होतं, ॲनिमेटर मॅक्स फ्लायशरला त्याचं पेटंट १९१७ मध्ये मिळालं होतं. घरगुती संगणकावर मात्र त्याचा परिणाम जादूसारखा झाला.

या तंत्रामुळे गेम सुंदर दिसला, हे सगळेच सांगतात. त्यानं खेळण्याची रीतच बदलली, हे कमी सांगितलं जातं. 'सुपर मारिओ ब्रदर्स'मध्ये उडी मारल्यावर हवेतही दिशा बदलता येते. बटण दाबलं की तत्क्षणी प्रतिसाद. मेक्नरचा राजपुत्र तसा नाही. तो खऱ्या माणसाच्या चित्रणातून आलेला असल्यामुळे धावताना थांबायला त्याला दोन पावलं लागतात, वळायला वेळ लागतो, आणि एकदा पाय जमिनीवरून सुटले की तो कुठे पडणार हे ठरून जातं. गेम बनवणारे या दोन पद्धतींत फार फरक करतात: एकीत खेळाडूच्या बोटाला मान असतो, दुसरीत पडद्यावरच्या शरीराला. दुसऱ्या पद्धतीत उडी मारण्याआधी विचार करावा लागतो. कडेपर्यंत एकेक सावध पाऊल टाकायचं, अंतर नजरेनं मोजायचं आणि मग झेप घ्यायची.

चूक झाली तर? एक मजला खाली पडलात तर काही होत नाही. दोन मजले पडलात तर जीवनशक्तीचा एक घटक जातो. तीन मजले पडलात तर संपलं. लेव्हल पहिल्यापासून सुरू. आणि हे होत असताना वर घड्याळ चालूच असतं: राजकन्येला सोडवायला एकूण साठ मिनिटं, खरीखुरी साठ मिनिटं. म्हणजे पडण्याची किंमत दोनदा मोजायची, एकदा शरीरानं आणि एकदा वेळेनं. वेळ हा या मालिकेचा विषय २००३ मध्ये आला असं अनेकांना वाटतं. तो पहिल्या दिवसापासून होता, फक्त तेव्हा तो खेळाडूच्या हातात नव्हता.

त्या गेममधली आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. मेक्नरला नवा शत्रू हवा होता, पण संगणकाच्या मेमरीत नव्या पात्राच्या चित्रांना जागाच उरली नव्हती. मग राजपुत्राच्याच चित्रांवर बिट पातळीवरची एक साधी गणिती क्रिया करून त्याची विरविरीत, चमचमती प्रतिमा बनवली गेली. हाच तो छायापुरुष. राजपुत्र आरशातून आरपार झेप घेतो आणि त्याचं प्रतिबिंब दुसऱ्या बाजूनं निसटतं. पुढे ते त्याच्या तोंडचं औषध पिऊन टाकतं, वाट अडवतं. शेवटी समोरासमोर आल्यावर तुम्ही त्याला मारलेला प्रत्येक वार तुम्हालाच लागतो. सुटका एकाच मार्गानं होते: तलवार म्यान करायची. जागेच्या टंचाईतून एवढा अर्थपूर्ण प्रसंग जन्मलेला मी दुसऱ्या कुठल्या गेममध्ये पाहिलेला नाही.

किंमत कमी होत गेली

मधली वर्षं भराभर ओलांडू. १९९३ मध्ये दुसरा भाग आला. १९९९ चा त्रिमितीय प्रयोग फसला. २००३ मध्ये युबिसॉफ्ट माँट्रियलनं 'द सँड्स ऑफ टाइम' आणला, त्याच्या लेखनात मेक्नर स्वतः होता. हा पहिला खरा रीबूट.

त्रिमितीत आल्यावर एक नवी अडचण उभी राहिली. बाजूनं दिसणाऱ्या गेममध्ये अंतर स्पष्ट दिसतं. त्रिमितीत कॅमेरा जरा फिरला की पलीकडचा खांब किती लांब आहे याचा अंदाज चुकतो. म्हणजे खेळाडू वारंवार पडणार, आणि त्याला वाटणार की चूक आपली नव्हतीच. यावर माँट्रियलच्या टीमनं जे उत्तर काढलं त्यावर ही मालिका पुढची कित्येक वर्षं जगली: बटण दाबून धरा आणि काही सेकंदांचा काळ उलटा फिरवा. राजपुत्र दरीतून वर येतो, खांबावर परततो, तुम्ही पुन्हा प्रयत्न करता. मात्र हे फुकट नाही. राजपुत्राच्या जादूच्या खंजिरात काळाची वाळू असेल तरच काळ फिरतो, आणि वाळू मिळवायला शत्रूंशी लढावं लागतं. पडण्याची किंमत साठवता येणारं नाणं झाली.

याला कथेचीही जोड होती. सगळा गेम म्हणजे राजपुत्र कुणाला तरी सांगत असलेली गोष्ट. वाळू संपून तुम्ही मेलातच, तर तो स्वतःला दुरुस्त करतो: नाही, नाही, असं घडलं नव्हतं. एरवी गेममधलं मरण हे कथेच्या बाहेरचं असतं. इथे ते कथेच्या आत आलं.

२००८ चा रीबूट, नुसतं 'प्रिन्स ऑफ पर्शिया' एवढंच नाव असलेला, याच वाटेवर टोकाला गेला. जलरंगासारखं दिसणारं उजाड जग, अहरिमन हा अंधाराचा देव, आणि सोबतीला एलिका. तुम्ही पडलात की एलिका हात धरते आणि शेवटच्या सुरक्षित जागी आणून ठेवते. दरवेळी. वाळूचा हिशेब नाही, कुठलीच मर्यादा नाही. लढाईत हरलात तरी तीच वाचवते, फक्त शत्रूला सावरायला वेळ मिळतो. 'यात मरताच येत नाही' म्हणून या गेमची पुष्कळ चेष्टा झाली.

ही टीका मला निम्मीच पटते. हिशेब मांडला तर एलिकाचा हात आणि एखादा चेकपॉइंट, म्हणजे मेल्यावर जिथून पुन्हा सुरुवात होते ती जागा, यांत फरक काय? दोन्हीकडे तुम्ही काही सेकंद मागे जाता. एलिका तर 'गेम ओव्हर'ची पाटी आणि लोडिंगची वाट पाहणंही वाचवते. चुकलं ते वेगळ्याच ठिकाणी. किंमत काढून टाकल्यावर उडीसुद्धा सोपी करून ठेवली. योग्य वेळी एक बटण दाबलं की राजपुत्र आपोआप पुढची भिंत गाठतो. धोका काढला तर कसब वाढवायला हवं होतं. दोन्ही एकदम कमी झाल्यावर पाहायला देखणा आणि हाताला पोकळ असा गेम उरला. त्याचा शेवट मात्र जबरदस्त आहे. जिनं शेकडो वेळा वाचवलं ती एलिका मरते, आणि तिला परत आणण्यासाठी राजपुत्र ज्याला कोंडायला सगळा गेम खर्च केला त्या अहरिमनलाच मोकळं सोडतो. सगळ्या उड्यांमध्ये न घेतलेली किंमत गेम एका फटक्यात वसूल करतो.

२०२४ : नकाशा हीच शिक्षा

आता 'द लॉस्ट क्राउन'. हा बनवला युबिसॉफ्टच्या माँपेलिए स्टुडिओनं, ज्यांच्या नावावर 'रेमन ओरिजिन्स' आणि 'रेमन लेजंड्स' आहेत. बाजूनं दिसणाऱ्या उड्यांच्या गेममध्ये या मंडळींचा हात धरणारे थोडे. त्यामुळे द्विमितीत जाणं ही माघार होती असं मला वाटत नाही. ज्यांना जे उत्तम येतं त्यांनी ते केलं, आणि मूळ गेमही तसाच होता.

नायक सारगॉन. तो 'इमॉर्टल्स' या सात योद्ध्यांच्या तुकडीतला सर्वांत तरुण. राजपुत्र गस्सानला पळवून काफ पर्वतावरच्या शापित नगरात नेलं जातं आणि ही तुकडी त्याच्या मागावर जाते. तिथं काळ विस्कटलेला आहे. कुणी काही तासांपूर्वी आलेला, तर कुणाला तिथं अख्खी हयात गेल्यासारखं वाटतंय.

गेमचा प्रकार 'मेट्रॉइडव्हेनिया'. नाव विचित्र आहे, पण ते 'मेट्रॉइड' आणि 'कॅसलव्हेनिया' या दोन जुन्या मालिकांची मोट बांधून तयार झालेलं आहे. अशा गेममध्ये एकामागून एक लेव्हल नसतात. एकच मोठा, आत एकमेकांत गुंतलेला नकाशा असतो. सुरुवातीलाच तुम्हाला असा उंच कठडा दिसतो जिथं पोहोचता येत नाही. काही तासांनी नवी शक्ती मिळते, उदाहरणार्थ हवेत एक झटका मारून पुढे सरकण्याची, आणि तेव्हा तो कठडा आठवतो. आधी पाहिलेली जागा नव्या शक्तीमुळे नव्यानं उघडते, सगळी गंमत यातच.

अशा रचनेत पडण्याची किंमत कशी ठरवली आहे? दोन थरांत. सारगॉन काट्यांवर पडला तर थोडी जीवनशक्ती जाते आणि तो शेवटच्या पक्क्या जमिनीवर परत येतो. एलिका नाही, पण तिचाच हिशेब, वर छोटा दंड. जीवनशक्ती पूर्ण संपली की मात्र शेवटच्या वाक-वाक झाडापाशी जावं लागतं. ही सोनेरी झाडं म्हणजे विश्रांतीच्या आणि सेव्ह करण्याच्या जागा, आणि ती हात राखून पेरलेली आहेत. म्हणजे एकेक चूक स्वस्त, पण चुकांची मालिका महाग, कारण तेवढी वाट पुन्हा तुडवावी लागते. १९८९ मध्ये वेळेनं मोजलेली किंमत इथं अंतरानं मोजली जाते. मला हा तोल फार आवडला. धीट प्रयोग करायला मोकळीक मिळते आणि बेफिकिरीला चाप बसतो.

आता या गेममधली सर्वांत हुशार गोष्ट. काळाच्या शक्तीशिवाय ही मालिका कशी चालेल? पण काळ उलटा फिरवणं पुन्हा आणलं असतं तर ती नुसती नक्कल झाली असती. इथं सारगॉनला 'सिमुर्गची छाया' मिळते. एकदा बटण दाबलं की तो आहे त्या जागी स्वतःची धूसर प्रतिमा सोडतो. पुन्हा दाबलं की कुठेही असला तरी क्षणात त्या प्रतिमेत परततो.

वरवर पाहता हे २००३ च्याच शक्तीचं भावंड वाटेल. खेळताना ते अगदी उलटं निघतं. वाळू उलटी फिरवायची ती चूक झाल्यावर, म्हणजे ती पश्चात्तापाची शक्ती होती. छाया सोडायची ती आधी. आपण कुठे अडकणार, कोणत्या क्षणी परतावं लागणार, हे झेप घेण्यापूर्वी ठरवावं लागतं. दोन्ही बाजूंनी काटे असलेल्या अरुंद बोळात शिरायचं आहे, टोकाला कळ आहे, कळ दाबली की परतीची वाटच नाही. मग शिरण्याआधी छाया ठेवायची. लढाईतही तेच: राक्षसाच्या मागे छाया टाकायची, समोरून त्याला वार करायला लावायचं आणि वार येता येता पाठीमागून उगवायचं. १९८९ च्या राजपुत्राला कडेवर थांबून जो विचार करावा लागायचा, तो विचार या शक्तीनं परत आणला. आणि बाजूनं चमचमती प्रतिमा उभी, तिच्याकडे पाहताना जुना छायापुरुष आठवला नाही तरच नवल.

पुढे एका कोड्यात हीच कल्पना ताणून धरली आहे. एका यंत्राची कळ फिरवली की ठरावीक वेळ सुरू होते. ती संपली की आधी तुम्ही जे केलं ते तुमची प्रतिकृती तसंच्या तसं पुन्हा करते आणि तुम्ही तिच्यासोबत नवं काम करायचं. स्वतःशीच जुळवून घ्यायचं. पहिल्यांदा हमखास असं होतं की मागच्या फेरीतला आपण चुकीच्या फरशीवर उभा असतो आणि आत्ताचा आपण त्याच्यावर चिडतो.

आठवण ठेवण्याचं ओझं

मेट्रॉइडव्हेनियाची जुनी दुखणी दोन: रस्ता आठवत नाही, आणि आठवला तरी तिथवर जाणं कंटाळवाणं. पहिल्या दुखण्यावर या गेमनं इतका सोपा उपाय काढला की हा आधी कुणी का केला नाही असं वाटतं. न जमणारी जागा दिसली की एक बटण दाबायचं. त्या क्षणीचा पडद्याचा फोटो नकाशावर त्या ठिकाणी टाचला जातो. दहा तासांनी नकाशा उघडलात तर 'इथं काहीतरी होतं' अशा खुणेऐवजी तिथं नेमकं काय होतं याचं चित्रच समोर येतं. हे फोटो अमर्याद काढता येत नाहीत, त्यामुळे कोणती जागा टिपण्यासारखी आहे याचा निवाडाही आपणच करायचा. याला जोडून दोन पद्धती दिल्या आहेत: एकीत पुढचं ध्येय आणि बंद वाटा नकाशावर दिसतात, दुसरीत काहीच दिसत नाही.

दुसरं दुखणं मात्र पुरतं बरं झालेलं नाही. झटपट प्रवासाची ठिकाणं विरळ आहेत, आणि उत्तरार्धात छोट्या कामांसाठी तीच ती दालनं ओलांडताना कंटाळा येतो.

अडचणीची पातळी ठरवण्यातही मोकळीक आहे. शत्रूचा मार किती लागावा, काट्या-सापळ्यांनी किती इजा व्हावी, वार परतवायला किती अवधी मिळावा, हे सगळं वेगवेगळं कमी-जास्त करता येतं. उड्यांचा एखादा अवघड टप्पा जमतच नसेल तर तो ओलांडून नेणारी दारं चालू करता येतात. नजर अधू असणाऱ्यांसाठी पात्रं आणि पार्श्वभूमी ठळक रंगांत वेगळी करणारी सोय आहे. २०२४ च्या 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये सुगम्यतेसाठीचा पुरस्कार या गेमला मिळाला. पडण्याची किंमत किती असावी, हे या गेमनं थेट खेळाडूच्या हातात दिलं, असंही म्हणता येईल. त्यानं मूळ तोल बिघडतो का? ज्याला बिघडवायचा नाही त्याचा बिघडत नाही.

लढाईबद्दल थोडक्यात. शत्रूचा साधा वार योग्य क्षणी बटण दाबून परतवता येतो, याला पॅरी म्हणतात. पिवळी चमक असलेला वार परतवला तर सारगॉन नेत्रदीपक प्रतिहल्ला करतो. लाल चमक असलेला वार परतवता येत नाही, तिथून सटकायचं. हे सगळं हाताला नेमकं लागतं, कारण गेम सेकंदाला ६० चित्रं दाखवतो, अगदी निन्टेन्डो स्विचसारख्या दुबळ्या यंत्रावरही. दोन चित्रांमध्ये सुमारे १७ मिलिसेकंद. सेकंदाला ३० चित्रं असती तर हे अंतर दुप्पट झालं असतं, आणि पॅरीच्या खेळात तेवढा उशीर चांगलाच जाणवतो.

पर्शिया किती, राजपुत्र किती

मालिकेच्या नावात पर्शिया असला तरी बरीच वर्षं तो अरबी सुरस कथांचा पडदा होता: घुमट, वाळू, वजीर. या वेळी टीमनं इराणी परंपरेत खोल हात घातला. सिमुर्ग हा फिरदौसीच्या 'शाहनामा' या फारसी महाकाव्यातला प्रचंड पक्षी, ज्यानं टाकून दिलेल्या झाल या बालकाला वाढवलं. काफ पर्वत हा फारसी आणि अरबी कथांमधला जगाच्या कडेचा पर्वत. 'इमॉर्टल्स' हे नाव प्राचीन इराणच्या हखामनी सम्राटांच्या निवडक सैन्याचं, ग्रीक इतिहासकार हिरोडोटसनं त्यांची संख्या १०,००० सांगितली आहे. गेमची सुरुवात कुशाणांशी झालेल्या लढाईनं होते आणि त्यांच्या सेनापतीचं नाव आहे उविष्का. कुशाण सम्राट हुविष्क ठाऊक असलेल्याला तिथं हसू येईल. शतकांची सरमिसळ उघड आहे: हखामनी आणि कुशाण यांच्यात काही शतकांचं अंतर. काळ विस्कटलेल्या पर्वतावरच्या गोष्टीत मला ती खुपली नाही. शिवाय संपूर्ण गेम फारसी संवादांत खेळता येतो. मालिकेत हे पहिल्यांदाच झालं. भाषा बदलून खेळून पाहा, गेमचा सूरच बदलतो.

कथेची बाजू मात्र लंगडी आहे. सात योद्ध्यांपैकी दोघा-तिघांनाच व्यक्तिमत्त्व मिळतं. विश्वासघाताचा मोठा क्षण लवकर ओळखू येतो, आणि खलनायकाचा राग समजतो पण भिडत नाही.

नायक राजपुत्र नाही, याचं काय? ट्रेलर पाहून चिडलेल्यांचा हा मुख्य आक्षेप. पण १९८९ चा नायकही राजपुत्र नव्हता. तो परक्या देशातून आलेला, तुरुंगात टाकलेला एक फाटका तरुण. २००८ चा नायक तर धडधडीत भटक्या चोर होता. २००३ च्या राजपुत्राची छाप इतकी पडली की बाकीचे अपवाद वाटू लागले, एवढंच.

माझा आक्षेप वेगळा आहे, आणि तो ट्रेलरमध्ये दिसणं शक्यच नव्हतं. सारगॉनला वजन नाही. तो बोटाच्या इशाऱ्यावर वळतो, हवेत दिशा बदलतो, भिंतीवरून भिंतीवर चेंडूसारखा उसळतो. 'रेमन' बनवणाऱ्यांकडून हेच अपेक्षित होतं, आणि ते त्यांनी अप्रतिम केलं आहे. पण डेव्हिडच्या शरीरातून आलेली ती भीती, कडेवर पाय थबकल्यावर पोटात येणारा गोळा, तो इथं नाही. १९८९ मध्ये एक उडी हा निर्णय होता. इथं दहा उड्या मिळून एक निर्णय होतो. जे गेलं त्याची भरपाई छायेच्या शक्तीनं बऱ्याच अंशी होते, पूर्ण होत नाही. तरीही तिन्ही रीबूट शेजारी ठेवले तर पडण्याच्या प्रश्नाचा सर्वांत विचारपूर्वक सोडवलेला हिशेब मला २०२४ मध्येच दिसतो. २००३ चा हिशेब अधिक धाडसी होता, कारण त्यांच्यापुढे वाटच नव्हती.

मग बाजारात काय बिनसलं?

टीम पांगण्याचं एकच कारण सांगणारे चुकीचं सांगतात. कंपनीला जेवढी विक्री हवी होती तेवढी झाली नाही, एवढं स्पष्ट आहे. पहिल्या ट्रेलरनं गेमचं नुकसान केलं असणार. पीसीवर तो स्टीम या सर्वांत मोठ्या दुकानात थेट ऑगस्ट २०२४ मध्ये आला, म्हणजे चर्चा थंडावल्यावर. आणि एक जुनं कारणही आहे. 'असॅसिन्स क्रीड' ही युबिसॉफ्टची सर्वांत मोठी मालिका 'प्रिन्स ऑफ पर्शिया'चीच एक शाखा म्हणून सुरू झाली होती. २००७ मध्ये ती स्वतंत्रपणे आली, आणि भिंती चढणाऱ्या, कड्यांवरून झेपावणाऱ्या नायकाची जागा तिनं कायमची घेतली. आज ज्याला मोठा, त्रिमितीय, भव्य 'प्रिन्स ऑफ पर्शिया' हवा असतो, त्याला हवं असलेलं बरंचसं दुसऱ्या नावानं दरवर्षी-दोन वर्षांनी मिळत असतं.

रीबूट ही सुरुवात असते, तिला पुढचा भाग लागतो. २००८ च्या रीबूटला एक छोटं उपसंहाराचं प्रकरण मिळालं आणि कथा तशीच लोंबकळत राहिली. २०१० मध्ये मालिका पुन्हा २००३ च्या जगात परतली. 'द लॉस्ट क्राउन'लाही सप्टेंबर २०२४ मध्ये 'मास्क ऑफ डार्कनेस' हे एक जोडप्रकरण मिळालं, महिन्याभरात टीम पांगल्याचं कळलं. गेम म्हणून मी त्याला उत्तम म्हणेन. रीबूट म्हणून त्याचं काम अर्धं राहिलं, आणि ते अर्धं राहण्यात गेमचा दोष फारसा नाही.

दरम्यान मालिकेचं नाव दुसऱ्याच टोकाला वापरलं गेलं. 'द रोग प्रिन्स ऑफ पर्शिया' हा 'डेड सेल्स'वर काम केलेल्या ईव्हिल एम्पायर या स्टुडिओचा गेम. मे २०२४ मध्ये तो अपुऱ्या अवस्थेत विक्रीला आला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये पूर्ण झाला. त्यात भिंतींवरून धावणं आहे, चटपटीत लढाई आहे, आणि मेलात की अख्खी खेळी जाते. पुन्हा तळावरून निघायचं, वाटा नव्यानं मांडलेल्या, हातातली शस्त्रं गेलेली. 'द लॉस्ट क्राउन' संपवून ज्यांना वाटेल की इथं पडणं जरा स्वस्तच होतं, त्यांनी तो खेळून पाहावा.